पोलंडचे सरपंच

खोली भाड्याने देण्याआधी चाचा माणसाला पोलंडमधल्या एका खेड्याचा नकाशा दाखवत. माणूस बिचारा विचारायला आलेला असायचा की पाणी चोवीस तास असतं का, एसी बिघडला तर कुणी बघायचं, स्वयंपाकघर किती जणांत आहे. चाचा त्याला जिन्याच्या वळणावर थांबवत, भिंतीवर चिकटवलेल्या कागदाकडे बोट करत आणि म्हणत, "ही नदी. हिला इथं कोपर हाय. कोपराच्या आत चर्च." जो उभा राहून ऐकून घेई त्याला खोली मिळे. जो हातातलं घड्याळ बघे त्याला चाचा सांगत, खोली कालच गेली.

आम्हाला खोली मिळाली ती माझ्या लाजरेपणामुळे. आमचे हे रास लफानच्या गॅस प्रकल्पावर कामगारांची बस चालवतात. त्यांना ड्युटीवर जायचं होतं, ते मला खुणावत होते की चल. पण म्हाताऱ्या माणसाचं बोलणं तोडून 'येते' कसं म्हणायचं, ते मला सुचेना. मी ओढणीचं टोक धरून उभी राहिले. चाचांनी एकतिसावं घर संपवलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. मग विचारलं, "गाव कुठलं?" ह्यांनी सांगितलं.

"म्हणजे खाडीपलीकडचे. आमच्या शेजारचेच की," चाचा म्हणाले आणि पुन्हा नकाशाकडे वळले, कारण नदीवरचा पूल सांगायचा राहिला होता.

व्हिला कतारमध्ये, दोह्याच्या नजमा भागात. जुना, बाहेरून रंग उडालेला. चाचांनी तो अरब मालकाकडून भाड्याने घेतला होता. त्यात आम्ही चार कुटुंबं आणि गच्चीलगतच्या खोलीत चाचा. स्वतः ते एका कंपनीत स्टोअरकीपर होते. नट, बोल्ट, पाइप, हातमोजे, सगळं त्यांच्या ताब्यात. त्या कामाची सवय त्यांनी पोलंडलाही लावली होती. रस्त्याच्या डाव्या हाताची घरं ए-एक ते ए-सोळा, उजव्या हाताची बी-एक ते बी-पंधरा. कोणत्या घरात काय, हे ते स्टोअरमधला माल सांगावा तसं सांगत. "ए-चार, लोहार. ए-पाच रिकामं, माणसं अमेरिकेला गेली. बी-नऊ, आमचं."

दर जानेवारीत ते हा नकाशा नव्याने काढत. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करायचं, कोरी बाजू वर, आणि मागचा नकाशा न बघता सगळं आठवून काढायचं. मग दोन्ही नकाशे शेजारी ठेवून तपासायचे. एखादं झाड कमी पडलं तर त्या दिवशी ते जेवत नसत.

गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण मला ते लिहिता येत नाही. चाचा ते म्हणत तेव्हा आधी शिंक आल्यासारखं वाटे आणि मग कुणीतरी गवत कापल्यासारखं.

चाचा तरुणपणी जहाजावर खलाशी होते. पोलंडच्या बंदरात माल उतरवताना ते खालच्या कप्प्यात पडले आणि पाय मोडला. जहाज त्यांना इस्पितळात ठेवून निघून गेलं. त्या देशात तेव्हा गडबड चालू होती, फोन बंद, कागद कुठे अडकले कुणाला ठाऊक नाही. शेजारच्या खाटेवरचा एक क्रेनवाला बरा होऊन घरी निघाला, त्याने यांनाही उचलून आपल्या गावी आईकडे नेलं. म्हातारीला सगळे बाबचा म्हणत, म्हणजे आजी. तिथे चाचा आठ महिने राहिले.

"आठ महिने खाल्लंत काय, अंकल?" हे आमच्या खालच्या मजल्यावरच्या सिस्टरचं नेहमीचं. ती वसईची, इस्पितळात नर्स, जिभेला हाड नाही.

"बटाटा."

"आणि थंडीत प्यालात काय?"

"बटाट्याचं सूप."

"त्यांचं बटाट्याचं आणखी एक असतं म्हणे, बाटलीतलं."

"ते मी पायाला चोळायला वापरलं," चाचा गंभीरपणे सांगत, आणि सिस्टर पदराआड हसायची. पदर नसायचाच, युनिफॉर्मची बाही.

संध्याकाळी मगरिबची नमाज झाली की चाचा गच्चीत खुर्ची टाकून बसत आणि ज्याची सुटका झाली नाही तो समोर बसे. आधी भूगोल, मग इतिहास. भूगोल मला आवडायचा. गावाला एकच रस्ता, दोन्ही बाजूंना घरं. ज्याचं घर त्याचं शेत घरामागूनच सुरू होणार आणि तीच चिंचोळी पट्टी थेट जंगलापर्यंत जाणार. मध्ये बांध, बांधावर कुणी नांगर घातला तर दोन पिढ्या बोलणं बंद. नदीपलीकडे दलदल. तिथला काळा चिखल विटांसारखा कापून वाळवतात आणि चुलीत जाळतात. चूल खोलीएवढी, तिच्या पाठीवर म्हातारी माणसं झोपतात. विजेच्या खांबावर करकोच्याचं घरटं, ते मोडलं तर गावात आग लागते असं म्हणतात.

इतिहास मला जड जायचा. कुण्या राजाने जंगल तोडायला आलेल्या नऊ घरांना ती जागा दिली, इथपर्यंत ठीक. मग पटकी आली तेव्हा वेशीवर लाकडी क्रूस रोवला आणि बाहेरच्या माणसाला त्याच्या आत येऊ दिलं नाही. पाव क्रूसाशी ठेवून मागे सरायचं, मग त्याने उचलायचा. चर्च दोनदा जळलं, एकदा विजेने, एकदा सैनिकांनी. मग एक राज्य, मग दुसरं, मग आपलं, मग पुन्हा परक्याचं. बाबचाची आई एका राज्यात जन्मली, दुसऱ्यात तिचं लग्न झालं, तिसऱ्यात ती वारली, आणि हे सगळं एकाच घरात. "घर हललं नाय," चाचा म्हणत, "राजे हलले." आमच्या चौथीच्या पुस्तकात एकच राजा होता, त्यामुळे मला एवढे राजे लक्षात ठेवता येत नसत.

आमचे हे त्यांना पोलंडचे सरपंच म्हणायचे, अर्थात पाठीमागे. चाचांना ते कळलं होतं. मला तर वाटतं आवडलंही होतं, कारण दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी जिन्यातून उतरताना गावच्या बातम्या देऊ लागले. जुलैत, गच्चीवर पाय ठेववत नाही अशा उन्हात, ते सांगत, "आज तिकडं गवत कापत असतील." धुळीचं वादळ आलं, समोरची मशीद दिसेनाशी झाली, की म्हणत, "बर्फातपण असंच. फक्त पांढरं." खुबूसचा, म्हणजे इथल्या रोटीचा, तुकडा खाली पडला तर ते उचलून ओठांना लावत. आमच्याकडेही कुणी कुणी तसं करतं, पण चाचा म्हणत, हे मी बाबचाकडून शिकलो.

स्वतःच्या गावाबद्दल मात्र त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. मलाही विचारलं नाही. आणि मी आपण होऊन बोलणाऱ्यांतली नाही.

या सगळ्याचा भुर्दंड आमच्या लेकीला पडला. ती इथल्या शाळेत तिसरीत होती. मराठी कळतं तिला, उत्तर मात्र इंग्रजीत देते. शाळेत 'माझं मूळ गाव' असं प्रोजेक्ट होतं. तिने आपलं आपण केलं, आम्हाला दाखवलंही नाही, आणि चार दिवसांनी टीचरने मला बोलावलं. ह्यांची ड्युटी होती. टीचरशी एकटीने बोलणं मला जमणार नव्हतं, म्हणून चाचा सोबत आले. टाय लावून आले.

टीचरने वही उघडून पुढे ठेवली. लेकीने लिहिलं होतं की माझं मूळ गाव पोलंडमध्ये आहे. तिथे एकतीस घरं आहेत. हिवाळ्याआधी आम्ही पिंपात कोबी भरून तो पायांनी तुडवतो, पण आधी पाय धुतो. आमचं घर बी-नऊ.

"पासपोर्ट पे तो रत्नागिरी लिखा है," टीचर माझ्याकडे बघत म्हणाली.

मी तिच्या टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत होते. चाचांनी चष्मा चढवला, वही ओढून घेतली, चित्र नीट बघितलं आणि मान हलवली. "ये गलत है, मॅडम."

टीचरला हायसं वाटलं. "वही तो."

"चर्च नदी के इस तरफ है. बच्ची ने उस तरफ बनाया."

टीचरने वही मिटली. मग तिने लेकीला बोलावून विचारलं, असं का लिहिलंस. लेक अगदी सरळ म्हणाली, "मम्मा नेव्हर टोल्ड मी अबाउट हर व्हिलेज. चाचा टेल्स मी एव्हरी डे."

दोन दिवसांत पुन्हा लिहून आणायचं ठरलं. परतताना टॅक्सीत चाचा टाय सोडून हातात गुंडाळत बसले होते.

घरी मी लेकीला सांगायला बसले. म्हटलं, आपल्या गावाला खाडी आहे. आंबे आहेत. "अँड देन?" तिने पेन्सिल धरून विचारलं. पुढे मला येईना. सगळं डोळ्यांसमोर होतं, पण ते कुठून सुरू करायचं, कोणत्या घरापासून, हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. शेवटी ह्यांनी फोनवर काहीतरी शोधून तिला लिहून दिलं.

त्यानंतर महिन्याभरातच चाचांच्या कंपनीने सांगितलं की वय झालं, आता व्हिसा वाढवणार नाही. डिसेंबरअखेर कायमचं घरी. गच्चीत सगळ्यांनी अभिनंदन केलं. सिस्टर म्हणाली, "सुटलात, अंकल. आता आंब्याखाली बसा." चाचा हसले. पण दुसऱ्या दिवसापासून जिन्यातल्या बातम्या बंद झाल्या. खोलीसाठी एक माणूस आला, त्याला त्यांनी नकाशा न दाखवताच खोली दिली. तेव्हा मला काळजी वाटली.

मग एका दुपारी मी भाकऱ्या करत असताना ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. असे ते कधी येत नसत.

"बये, तू आमच्या गावात यायचीस ना, भाजी घेऊन?"

ह्यांनी त्यांना कधीतरी सांगितलं असणार. मी मान हलवली. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवी खाडीपलीकडे, त्यांच्या गावात. मी पलीकडे जाऊ लागले, पण आईने दिलेली भाजीची टोपली डोक्यावर घेऊन. एक दिवसाआड होडीने जायचं, दारोदार विकायचं, भरतीच्या आत परतायचं. लग्न होईपर्यंत तेच केलं.

"मना भीती वाटते," चाचा म्हणाले. भाकरी थापता थापता माझा हात थांबला. "मी मोजलं. वर्षाला एक महिना सुट्टी, कधी तीपण नाय. त्या महिन्यात लग्नं, मयतं, कौलं शाकारायची. कोण मोठा झाला, कोण कुणाचा, मना म्हायत नाय. रस्त्यात माणूस सलाम करतो, मी हसतो, मग दुसऱ्याला विचारतो, कोण रे हा. थंडीत माझं गाव कसं दिसतं, सांग बघू मना. मी बघितलेलंच नाय."

"घरी कोण आहे?" मी विचारलं, खरं तर मला माहीत होतं. बायको चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा कॅनडात. घराला कुलूप.

ते तिथेच स्टुलावर बसले आणि त्यांनी मला पोलंडची एक गोष्ट सांगितली, जी गच्चीत कधी सांगितली नव्हती. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिथे टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, कोणी अवचित दारात आला तर त्याच्यासाठी. चाचांना वाटलं हे आपल्यासाठीच, आणि ते त्या ताटावर बसायला गेले. बाबचाने दंडाला धरून उठवलं. म्हणाली, तुझं ताट हे, माझ्या मुलाच्या शेजारी. ते पाव्हण्याचं.

"आठ महिने," चाचा म्हणाले, "पण मी तिथं पाव्हणा नव्हतो. आमच्याकडं मी जाईन त्या दिवशी कोंबडी कापतात."

माझी भाकरी तव्यावर करपली होती. मी ती काढली आणि मला स्वतःलाच नवल वाटेल अशा आवाजात म्हटलं, "कागद आणा, चाचा. धक्क्यापासून सांगते."

तीन दुपारी लागल्या. मी सांगत गेले, ते काढत गेले. होडीतून उतरलं की बारा पायऱ्या, शेवटची सुटलेली. डाव्या हाताचं पहिलं घर भेंडीचं टोक मोडून बघणारीचं. ती मोडलेली भेंडी घेत नसे, तेवढी भेंडी माझी फुकट जायची. पुढे दोन जावांचं घर, बोलणं बंद, म्हणून एकीला दिलेलं पडवळ दुसरीला दिसू द्यायचं नाही. मशिदीमागे पायऱ्यांची विहीर. उन्हाळ्यात बाकीच्या विहिरी मचूळ होतात, ती गोडी राहते, त्यामुळे दुपारी सगळी बाईमाणसं तिथे भेटणार, आणि ज्याला गावचं काही कळून घ्यायचं असेल त्याने तिथे टोपली टेकायची. फणसाखालच्या घरात कुत्रा, तिथे काठी आपटत जायचं. थंडीत सकाळी खाडीवर धुकं असतं, होडी दिसत नाही, आधी आवाज येतो.

"थांब, थांब," चाचा म्हणत. "फणस ए-सात की ए-आठ?"

सिस्टर ड्युटीवरून येता येता दाराशी थबकली. "हिला बोलता येतं?" तिने चाचांना विचारलं.

"गप बस. भूगोल चाललाय."

लेकही वही घेऊन येऊन बसायची. तिला चाचा अधूनमधून विचारत, लक्षात राहिलं का, आणि ती मराठीत "हो" म्हणे. तेवढंच मराठीत.

तिसऱ्या दुपारी आम्ही त्यांच्या घराशी पोचलो. मी तिथे अडखळले. चाचा म्हणाले, "सांग ना. तुझ्या गिऱ्हाइकाचंच घर."

"चाची घासाघीस करायच्या नाहीत," मी सांगितलं. "माठाच्या जुड्या घ्यायच्या, लाल. मला ओट्यावर बसवून पाणी द्यायच्या. रोज दोन जुड्या. पण वर्षातून एक महिना चार."

"चार कशाला?"

माझी जीभ उगाच सैल सुटली होती. "मी पण विचारायची. त्या म्हणायच्या, आमच्याकडे पाव्हणे आलेत."

पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं, तिथे शाईचा ठिपका पसरत गेला. मला वाटलं, आपण गप्प राहतो तेच बरं असतं. मग चाचांनी घराच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं: माठ, लाल, दोन. थोडं थांबून चार लिहिलं, आणि खोडलं.

डिसेंबरच्या शेवटी ते गेले. सिस्टरने त्यांना मफलर दिला, म्हणाली, बर्फ पडला तर. हे त्यांना विमानतळावर सोडून आले आणि दोन दिवस व्हिल्यात सगळे जिना चढताना उगाच हळू चालत होते.

मार्चमध्ये त्यांचा फोन आला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "बये, तुझा नकाशा चुकलाय."

"काय चुकलं?"

"बारा पायऱ्या नाहीत आता. नवा धक्का झाला, उतार केलाय. फणस वादळात गेला. त्या दोन जावा एकाच घरात जेवतात, मोठीला दिसत नाय, धाकटी भरवते. आणि विहीर बुजवली."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. "गोडी विहीर?"

"तीच. नळ आला." पलीकडून कोंबड्याचा आणि कुणाच्या तरी खोकण्याचा आवाज येत होता. "मी घरोघर गेलो. काय म्हणून जाणार? म्हटलं, भाजीवाल्या पोरीनं धाडलंय, नकाशा तपासायला. सगळ्यांना तू आठवतंस. भेंडीवाली म्हणाली, ती लाजरी? ती बोलली एवढं? मी म्हटलं, तीन दुपारी बोलत होती. तिचा विश्वास बसला नाय. आता रोज संध्याकाळी चार माणसं येऊन बसतात ओट्यावर. कोण कुणाचा ते आता मी सांगतो त्यांना."

"आणि पोलंड?"

"ते विचारतात तेव्हा सांगतो." जरा थांबून म्हणाले, "रोज विचारतात."

मला हसू आलं. त्यांनी विचारलं, तू कवा येतंस.

"जुलैत. लेकीच्या शाळेला सुट्टी पडली की. एक महिना."

त्यांनी ते 'एक महिना' पुन्हा म्हटलं.

"ये," चाचा म्हणाले. "मी दाखवतो तुला."

मी बरं म्हटलं. मग विहीर कुणी बुजवली, कधी, आणि बायका आता दुपारच्या कुठे बसतात, ते विचारलं, आणि ते एकेक घर घेऊन सांगू लागले.